देणाऱ्याचं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर विरार मागे टाकलं की काही वेळाने मनोर येतं. मस्तान नाक्यावर उतरलं की एका अंगाला पालघरचा रस्ता, दुसऱ्या अंगाला विक्रमगड-वाड्याकडचा. ट्रक, टेम्पो, एसटी, टायरची दुकानं, चहाच्या टपऱ्या असा हमरस्त्यावरचा नेहमीचा गलबला. पण नाका सोडून आत गावात शिरलात की आवाज कमी होतो आणि देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात भिंतीत बसवलेली एक पाटी हमखास दिसते. वर ठळक अक्षरांत ‘देणगीदारांची नावे’ आणि खाली नाव, नावापुढे रक्कम. कुणाचे ५००१, कुणाचे ५०१, कुणाचे ५१. ही पाटी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाची आहे. सप्ताहाच्या वेळी तर देणगी देताच ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं जातं. अकरा रुपये देणाऱ्याचंही पुकारलं जातं.

अशाच एका गावात देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. निवडणुकीचे दिवस होते. समोरच्या रस्त्यावरून प्रचाराच्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. शेजारी बसलेल्या आजोबांना सहज विचारलं, “बाबा, एवढ्या गाड्या, एवढे झेंडे, याचा खर्च कोण करतं हो?” आजोबा हसले. म्हणाले, “देवळाला दिलेलं सांगायचं असतं, मास्तर. विलेक्शनला दिलेलं सांगायचं नसतं.”

आजोबांनी हसत सांगितलेली ही गोष्ट खरं तर आपल्या लोकशाहीच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न आहे. श्रीमंत माणसानं राजकारणाला पैसा देणं ही काही आजची गोष्ट नाही. मग बदललं काय? माझ्या मते मुख्य बदल रकमेचा नाही. मुख्य बदल पाटीचा आहे. देणाऱ्याचं नाव एकेकाळी मांडवात पुकारलं जात होतं, ते हळूहळू पुकारेनासं झालं आणि शेवटी ते कायद्यानेच झाकण्यापर्यंत मजल गेली. हे कसं झालं, ते आज पाहू.

सुरुवात लोकमान्यांपासून करू. २३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली. पुण्यात सत्कार झाला आणि लोकांनी जमवलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. टिळकांनी ती स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्यासाठी दिली. त्याच सुमारास सरकारने त्यांच्यावर नोटीस बजावली की, वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका लिहून द्या. म्हणजे एका बाजूला एक लाखाची थैली आणि दुसऱ्या बाजूला वीस हजारांचा जातमुचलका! अशा वेळी थैलीला हातभार लावणाऱ्या माणसाला सरकारकडून काय मिळणार होतं? कंत्राट नाही, परवाना नाही. मिळालीच तर वक्रदृष्टी.

टिळकांच्या निधनानंतर, १९२१ साली, काँग्रेसने टिळक स्वराज्य फंड काढला. तीन महिन्यांत एक कोटी रुपये जमवायचे असं ठरलं. एक कोटी म्हणजे त्या काळी डोळे पांढरे करणारी रक्कम. पण ३० जूनपर्यंत ती जमली आणि तिच्यातला मोठा वाटा एकट्या मुंबईने उचलला. अर्देशीर गोदरेज यांनी तीन लाख रुपये दिले. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी एक लाख दिले, ते असहकारात वकिली सोडलेल्या वकिलांच्या उदरनिर्वाहासाठी. हेच जमनालालजी पुढे अनेक वर्षं काँग्रेसचे खजिनदार होते. या फंडात बड्या शेटजींचे लाख होते, तसे बायकांनी सभेत अंगावरून उतरवून दिलेले दागिने होते आणि गरिबाचा आणाही होता. महत्त्वाची गोष्ट अशी की, मोठ्या देणग्यांची नावं जाहीर झाली होती. कोण देतो, किती देतो आणि कशासाठी देतो, हे लोकांना ठाऊक होतं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाचे धनिक काय सगळे संत होते? मुळीच नाही. परदेशी कापडावर बहिष्कार पडला तर देशी गिरणीचा माल खपतो, हे त्यांना कळत होतं. चळवळ फार पेटू नये, कामगार फार बिथरू नयेत, असंही त्यांच्यातल्या पुष्कळांना वाटे. पैसा देणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच. पण ते मन उघड्यावर होतं, त्यामुळे त्याच्यावर टीका करता येत होती आणि टीका होतही होती.

याच काळात आपल्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत काय चाललं होतं? उंबरगाव, डहाणू, पालघर, जव्हार या भागातल्या जमिनी सावकार आणि जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या आणि त्याच जमिनीवर वारली बांधव वेठबिगार म्हणून राबत होते. १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, पण मताचा अधिकार जमीन, कर आणि शिक्षण पाहून दिलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात मोजून तीन कोटींच्या आसपास लोकांना मत होतं. जमीन नसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या वेठबिगाराला ते कुठून असणार? म्हणजे इथल्या धनिकाला कुणाचं मत विकत घ्यायची गरजच नव्हती. त्याचा वचक निवडणुकीविनाच चालत होता.

तो मोडला १९४५ साली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी द्या, ही मागणी घेऊन वारल्यांनी संप केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या हजारोंच्या जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. या चळवळीमागे थैल्या नव्हत्या. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याने आपले संपाचे दिवस दिले, उपास दिले, कुणी जीव दिला. त्याच्या तीनच वर्षं आधी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरला पाच तरुण गोळीबारात हुतात्मा झाले होते. त्यांची नावं आजही पालघरकरांना पाठ आहेत. तीही एका अर्थी देणगीदारांची पाटीच आहे.

स्वातंत्र्य आलं आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळालं. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. एवढ्या माणसांपर्यंत पोचायचं तर गाड्या हव्यात, पत्रकं हवीत, कार्यकर्त्यांना जेवण हवं. लोकशाही मोठी झाली तसा तिचा खर्चही वाढला आणि त्यात गैर काहीच नाही. उमेदवाराच्या खर्चावर कायद्याने मर्यादा घालायची ही कल्पना इंग्लंडमध्ये १८८३ साली आली, तीच आपण घेतली. लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक ठिकाणी २५ हजार रुपयांची मर्यादा होती. पण पक्षाला पैसा कोण देतो, याबद्दल कायदा गप्पच होता.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट उभा राहिला तो मुंबईत, हायकोर्टात, १९५७ साली. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती करायची होती. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: देशात कोणतं धोरण चालतं यावर कारखान्याचं भवितव्य अवलंबून आहे, तेव्हा पक्षाला मदत करणं हे कंपनीच्याच हिताचं आहे. एका भागधारकाने हरकत घेतली. न्यायालयापुढे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला होते. कायद्याकडे पाहून त्यांना दुरुस्तीला परवानगी द्यावी लागली. पण ती देताना त्यांनी जे लिहिलं ते आजही वाचण्यासारखं आहे. लोकशाहीत बड्या धंद्यांच्या पैशाने राजकारणात शिरणं हा मोठा धोका आहे, तो वेगाने वाढेल आणि एक दिवस लोकशाहीचा गळा आवळील, अशा अर्थाचा इशारा देऊन संसदेने याचा विचार करावा असं त्यांनी बजावलं. एक न्यायमूर्ती कायद्याप्रमाणे दार उघडतो आणि दारात उभा राहून सांगतो की आत काय येऊ शकतं ते नीट पाहा, असा तो प्रसंग होता.

आणि गंमत पाहा, त्याच १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आपल्या ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले ते शामराव परुळेकर, वारल्यांचे पुढारी. फोर्टातल्या कोर्टात कंपनीच्या थैलीचा निवाडा होत होता आणि तिथून साठ मैलांवरच्या जंगलपट्टीत थैली नसलेला माणूस निवडून येत होता. पैसा निवडणुकीत फार काही करू शकतो, पण सगळंच करू शकत नाही, हेही इतिहासात नोंदलेलं आहे.

छगलांच्या इशाऱ्याचा काही उपयोग झाला. १९६० साली कंपनी कायदा दुरुस्त झाला. वर्षाला २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांतली जी जास्त असेल ती मर्यादा ठरली. शिवाय कोणत्या पक्षाला किती दिले ते कंपनीने आपल्या हिशेबात दाखवायचं होतं. म्हणजे पाटी लावायची होती.

त्या काळातला एक पत्रव्यवहार मला फार बोलका वाटतो. १९५९ साली राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला होता, नेहरूंच्या धोरणांचा कडवा विरोधक. १९६१ साली जे. आर. डी. टाटांनी खुद्द पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवलं की, आम्ही काँग्रेसला मदत करतो, ती करूच, पण देशात सनदशीर विरोधी पक्ष असावा म्हणून आम्ही स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार आहोत. नेहरूंनी उत्तर दिलं की, तुम्हाला तसं करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, मात्र स्वतंत्र पक्षाकडून तुम्ही ठेवलेली आशा मला पटत नाही. विरोधकाला पैसे देतो हे सत्ताधाऱ्याला तोंडावर सांगणारा उद्योगपती आणि ते ऐकून घेणारा पंतप्रधान! देणगीदाराचं नाव उघड झालं तर सरकार त्याच्यावर सूड उगवील, म्हणून नाव गुप्त ठेवलं पाहिजे, असं पुढे फार वेळा सांगण्यात आलं. ते ऐकताना हा पत्रव्यवहार आठवावा. सूडाचं भय खोटं नाही. पण त्यावर औषध गुप्तता आहे की सूड न घेणारं सरकार, हा खरा प्रश्न आहे.

त्याच मुंबईत तेव्हा स. का. पाटील यांचं राज्य होतं. सिंधुदुर्गाकडून आलेला हा माणूस तीनदा मुंबईचा महापौर झाला, केंद्रात मंत्री झाला. पण त्यांचं खरं बळ वेगळं होतं. मुंबईच्या व्यापारी-उद्योगपतींकडून काँग्रेससाठी निधी उभा करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. पक्षाची थैली ज्याच्या हाती, त्याचा शब्द दिल्लीत वजनदार. १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांच्यासमोर उभे राहिले छत्तीस वर्षांचे जॉर्ज फर्नांडिस, कामगारांचे पुढारी. त्या वेळचा किस्सा प्रसिद्ध आहे. मला देवही हरवू शकणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी पाटील बोलून गेले आणि जॉर्जच्या पोरांनी मुंबईभर पोस्टर लावली की, देव नाही, पण तुम्ही पाटलांना हरवू शकता. मतदारांनी हरवलं. आणि चारच वर्षांनी, १९७१ साली, त्याच दक्षिण मुंबईतून उद्योगपती नवल टाटा स्वतः अपक्ष म्हणून उभे राहिले, तेही पडले. थैली गोळा करणाराही हरला आणि थैलीवाला घरातला माणूसही हरला.

मग पैशाचा प्रभाव संपला का? नाही. त्याने वाट बदलली, एवढंच.

१९६९ हे वर्ष लक्षात ठेवा. तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं ते हेच वर्ष. याच वर्षी कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणगी देण्यावर संपूर्ण बंदी आली. कारण उदात्त सांगितलं गेलं: बड्या धंद्यांचा राजकारणावरचा पगडा मोडायचा. पण त्या वेळी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांना मिळणारा उद्योगपतींचा पैसा तोडणं हाही हेतू होता, असं अनेक अभ्यासक सांगतात. बंदी तर आली, पण निवडणुकीचा खर्च काही थांबला नाही आणि सरकारनेही तो उचलला नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. चेकने येणारा पैसा बॅगेतून यायला लागला. तो परवाना-परमिटचा जमाना होता. कारखाना काढायचा तर परवाना, वाढवायचा तर परवाना, माल आणायचा तर परवाना. देणारा आणि घेणारा दोघेही आता हिशेबाबाहेर होते, म्हणून कामाच्या बदल्यात पैसा हा सौदा सोपा झाला. पाटी काढून टाकली, पण देणगीदार गेला नाही. फक्त दिसेनासा झाला.

त्यातच १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच मर्यादेत धरला पाहिजे. निकाल ऑक्टोबरात आला आणि लगोलग कायदा बदलून तो निष्फळ करण्यात आला. उमेदवाराला मर्यादा, पक्षाला मोकळं रान, ही स्थिती त्यातून पक्की झाली.

ग्रामीण महाराष्ट्रात वेगळंच घडत होतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०च्या अखेरीस त्याचा पहिला गाळप हंगाम सुरू झाला. पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. शेतकऱ्याच्या हाती आर्थिक सत्ता आली, ही मोठीच गोष्ट. पण कारखान्याच्या चेअरमनकडे जीप होत्या, माणसं होती, रोकड होती. विधानसभेचा रस्ता कारखान्याच्या फाटकातून जाऊ लागला. आता इथला देणगीदार कोण? संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञाने महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे १९९३ ते २००५ या काळातले आकडे तपासले. त्याला दिसलं की, ज्या कारखान्यांचे अध्यक्ष निवडणूक लढवत होते, त्यांनी निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला उसाचा भाव कमी दिला. अध्यक्ष निवडून आला तर पुढे काही प्रमाणात भरपाईही होई, असंही दिसलं. म्हणजे प्रचाराचा देणगीदार होता खुद्द ऊस उत्पादक. त्याने दिलं, पण आपण देतो आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं! देणगीच्या इतिहासातला हा सर्वांत विचित्र देणगीदार म्हणावा लागेल.

आणि मग आलं सिमेंट प्रकरण. १९८० च्या सुमारास सिमेंट टंचाईचा माल होता, त्याचं वाटप सरकार करत असे. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी काही न्यास काढले, त्यांत इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा प्रमुख. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि या न्यासांना साखर कारखान्यांकडून आणि बांधकाम व्यावसायिकांकडून कोट्यवधी रुपये कसे मिळाले ते बाहेर आलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेन्टिन यांनी निकाल दिला की, देणग्या आणि सिमेंटचा कोटा यांचा संबंध आहे. अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला मात्र पुढे वर्षानुवर्षं चालला, १९८८ साली तो सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढेही गेला. हे न्यास काही निवडणूक निधी नव्हते, हे सांगायला हवं. पण देणगीचा आणि सरकारी मेहरबानीचा धागा कसा जुळतो, ते महाराष्ट्राने तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

सिमेंटवरचं नियंत्रण लगेच, फेब्रुवारी १९८२ पासून, सैल होऊ लागलं. पण सिमेंट आणि निवडणूक यांचं नातं संपलं नाही. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव या अभ्यासकांनी पुढे देशातल्या सिमेंटच्या खपाचे महिनावार आकडे काढले. त्यांना दिसलं की, राज्यात निवडणूक असली की त्या महिन्यात सिमेंटचा खप घसरतो. त्यांनी लावलेला अर्थ असा: बांधकाम व्यावसायिकाचा खेळता पैसा त्या काळात बांधकामाऐवजी प्रचाराकडे वळतो. हिशेबाच्या वहीत जी देणगी लिहिलेली नव्हती, ती सिमेंटच्या पोत्यांनी सांगितली!

कायदाही दरम्यान बदलत राहिला. १९८५ साली कंपन्यांच्या देणग्यांवरची बंदी उठली. १९९६ साली टाटांनी निवडणूक न्यास काढला, ठरावीक सूत्राने सगळ्या पक्षांना चेकने देणगी द्यायची अशी ती कल्पना. २००३ साली वीस हजारांवरच्या देणग्यांची नावं पक्षांनी निवडणूक आयोगाला कळवायचं कलम आलं. कंपनीला साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१३ च्या कायद्याने दिली. हळूहळू का होईना, पाटी पुन्हा लावली जात होती.

आणि २०१७ साली चक्र उलटं फिरलं. निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षाने तो वटवायचा. मतदाराला देणाऱ्याचं नाव कळणार नाही. शिवाय कंपनीची साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली आणि कोणत्या पक्षाला दिले हे हिशेबात दाखवण्याचं बंधनही गेलं. म्हणजे तोट्यातली कंपनीही कितीही देऊ शकणार होती. पैसा पांढरा, पण नाव काळोखात, असा हा प्रकार. २०१८ ते २०२४ या काळात सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना रद्द केली. देणगीदाराच्या खासगीपणाचा विचार न्यायालयाने केलाच, पण मतदाराचा जाणण्याचा अधिकार मोठा ठरला. मोठी देणगी देणाऱ्याला धोरण ठरवणाऱ्यांच्या दारात प्रवेश मिळतो आणि त्यातून देवाणघेवाणीची शक्यता निर्माण होते, म्हणून मतदाराला ती माहिती हवी, असं न्यायालयाने म्हटलं. स्टेट बँकेने मुदत मागितली, ती मिळाली नाही. मार्चमध्ये यादी जाहीर झाली. सर्वाधिक रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्या धंद्यातली निघाली, तिने तेराशे कोटींहून अधिक रुपये दिले होते. जाहीर झालेल्या पैशातला जवळपास निम्मा केंद्रातल्या सत्ताधारी भाजपला मिळाला होता. पण राज्याराज्यांतल्या सत्ताधारी पक्षांनाही भरघोस वाटा होता. सत्ता जिथे, थैली तिथे, हा जुना नियम त्या यादीत स्वच्छ दिसला.

जगात सगळीकडे हा झगडा चालू आहे. अमेरिकेत २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करायला मोकळीक दिली आणि तेव्हापासून तिथे नाव लपवलेल्या पैशावर वाद थांबलेला नाही. तेव्हा हे आपलंच दुखणं आहे असं समजून खंत करत बसायचं कारण नाही.

पण दुखणं आपल्या अंगावर येतं ते आपल्या गावात. मनोर-पालघरच्या माणसाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असं वाटेल. या जिल्ह्याकडे पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत इथे, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग इथून, बुलेट ट्रेन इथून. वाढवणचं बंदर, ज्याला १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नकार दिला होता, ते जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटी रुपये खर्चून बांधायला मंजुरी दिली. कुणाला त्यात रोजगार दिसतो, कुणाला मासेमारीचा अंत दिसतो. दोन्ही बाजू आपापल्या परीने बोलोत. पण इतक्या मोठ्या निर्णयांवर सभागृहात हात वर करणाऱ्या माणसाचा प्रचार कुणाच्या पैशावर झाला, हे त्याला मत देणाऱ्या कोळ्याला, वारल्याला, वाडवळाला कळायला नको? पैसे घेतले म्हणजे तो विकला गेला, असं मी म्हणत नाही. पण माहिती असली तर आपण त्याला जाब विचारू शकतो. माहिती नसली तर फक्त संशय घेऊ शकतो. संशयाने लोकशाही सडते, जाब विचारण्याने ती टिकते.

आता शेवटी एक छोटीशी गोष्ट सांगतो. निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. पैसा कुठून आला हेही त्यात लिहायचं असतं. आणि १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे कुणाही नागरिकाला तो हिशेब पाहता येतो. त्यासाठी फी किती, ठाऊक आहे? एक रुपया. पक्षाचा खर्च त्यात पुरता नसतो, रोखीतला पैसा तर नसतोच, हे मला माहीत आहे. तरीही ती आपल्या हाताशी असलेली पाटी आहे, अर्धवट पुसलेली का असेना.

त्या दिवशी ओट्यावरच्या आजोबांना मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एका रुपयात दाखवतात? मग आजवर कुणी बघून आलं नाही ते?”

मी हा प्रश्न त्यानंतर अनेक सभांतून विचारला आहे. हिशेब पाहून आलो, असं सांगणारा हात अजून वर झालेला नाही.